‘आवाज कमी’ : एका छात्राध्यापिकेच्या पाठांचा प्रकरण अभ्यास

साताऱ्यातल्या एका महिला बी.एड. महाविद्यालयात मी गणिताची मेथड, म्हणजे गणित कसं शिकवायचं ते, शिकवते. ज्या छात्राध्यापिकेबद्दल लिहायचं आहे, तिला वर्गातल्या सगळ्या मुली ‘ताई’ म्हणायच्या. मीही इथे तेवढंच म्हणते. तिचं, तिच्या गावाचं आणि दोन्ही शाळांचं नाव तिच्याच सांगण्यावरून गाळलं आहे. हा मजकूर तिने वाचला आहे आणि एका ठिकाणी मला खोडून दुरुस्तही केलं आहे. ती दुरुस्ती जिथे येईल तिथे सांगेन.

सुरुवात कागदांपासून करते, कारण आमचीही तिथूनच झाली होती आणि तिथेच आम्ही अडकलो होतो. आंतरवासितेच्या, म्हणजे शाळेत जाऊन शिकवण्याच्या सरावाच्या, पाचव्या आठवड्याअखेर ताईच्या फाइलीत पाठ निरीक्षणाची नऊ पानं जमली होती. तीन माझ्या हातची, दोन सहकारी प्राध्यापिकांची, चार शाळेतल्या मार्गदर्शक शिक्षकांची. नऊपैकी आठ पानांवर एकच शेरा होता, ‘आवाज कमी’. काहींवर त्याच्या जोडीला आणखी होतं: ‘फळ्याकडे तोंड करून बोलतात’, ‘प्रश्न ठरावीक मुलांनाच’, ‘वर्गात फिरत नाहीत’. पाठाचं लेखी टाचण, आशय, फळ्यावरचं अक्षर या रकान्यांत मात्र सगळीकडे ‘चांगले’ किंवा ‘उत्तम’. म्हणजे जे घरी बसून तयार करता येतं ते सगळं उत्तम आणि जे वर्गात उभं राहून करायचं ते सगळं कमी. हे पान मी पाच आठवडे बघत होते आणि मला ते वाचता आलं नाही.

ताई एकतीस वर्षांची. बी.एस्सी. गणित घेऊन झालेली, एकविसाव्या वर्षी लग्न, मग दहा वर्षं घर. कोरेगाव तालुक्यातलं गाव, आल्याचं आणि उसाचं रान, नवरा शिरवळला कंपनीत कामाला आणि आठवड्याला घरी येणारा, मुलगा तिसरीत. सीईटी तिने स्वतः फॉर्म भरून दिली. फीचे पैसे सासऱ्यांनी दिले, त्या वर्षीच्या आल्याचे. प्रवेशाच्या दिवशी कागदपत्रांची पिशवी सांभाळत तेच तिच्याबरोबर आले होते. पांढरी टोपी, धुतलेलं धोतर, आणि ऑफिसच्या खिडकीशी क्लार्कला सांगणं, “सूनबाई आमच्या गणितात पहिल्यापास्नं हुशार हायत.” हा माणूस या प्रकरणात पुढे येणार आहे, म्हणून त्याची ही ओळख आधीच करून देते. त्यांच्याबद्दल कोणाचा गैरसमज व्हायला नको.

पहिल्या वर्षी ताई कॉलेजात कशी होती, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. बी.एड.च्या वर्गात बाविशी-तेविशीच्या मुली जास्त. त्यांच्यात ही एक घरंदाज, डब्यात दोघींना पुरेल एवढी भाकरी आणणारी. दोनच महिन्यांत तिच्याभोवती डब्याचं कोंडाळं तयार झालं. हॉस्टेलच्या मुलींना साडीच्या निऱ्या घालून पिना कुठे लावायच्या ते तिने शिकवलं, कारण पाठाला साडी सक्तीची आणि निम्म्या मुलींनी आयुष्यात दोनदाच नेसलेली. बदल्यात त्यांनी तिला पीपीटी करायला शिकवली. कार्डशीटवरचे तक्ते त्या जमिनीवर मांडी घालून एकत्र रंगवायच्या.

सूक्ष्म पाठाच्या वेळी तर ती सगळ्यांच्या पुढे होती. ज्यांना या प्रशिक्षणाची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते. पूर्ण तासाच्या पाठाआधी छात्राध्यापिकेला एकेक कौशल्य सुटं करून शिकवलं जातं, मग ते प्रश्न विचारणं असो, स्पष्टीकरण असो किंवा फलकलेखन. सहा मिनिटांचा पाठ, सहा मिनिटं प्रत्याभरण (म्हणजे पाठ कसा झाला ते सांगणं), बारा मिनिटांत पुन्हा तयारी, पुन्हा सहा मिनिटं पाठ आणि शेवटी सहा मिनिटं प्रत्याभरण, असं छत्तीस मिनिटांचं चक्र असतं. समोर विद्यार्थी म्हणून वर्गातल्याच पाच-दहा मैत्रिणी बसतात. ताईचा ‘चेतक बदल’ या कौशल्याचा पाठ मला अजून आठवतो. आवाज चढवायचा, उतरवायचा, थांबायचं, जागा बदलायची, असं ते कौशल्य. त्या दिवशी शेजारच्या खोलीतल्या इतिहासाच्या मेथडवाल्यांनी उठून दार लावून घेतलं होतं. तिच्या त्या पाठाच्या पानावर मीच लिहिलं आहे, ‘आवाजात चढउतार उत्तम’. माझंच अक्षर, माझीच सही. पण सूक्ष्म पाठाची फाइल पहिल्या वर्षाच्या कपाटात राहते आणि आंतरवासितेची दुसऱ्या वर्षाच्या. दोन्ही पानं शेजारी ठेवून पाहायची वेळ आमच्या रचनेत कुठेच येत नाही.

शाळा वाटपाचा दिवस

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि शाळेतला अनुभव एकूण वीस आठवड्यांचा ठरला. पहिल्या वर्षी चार आणि दुसऱ्या वर्षी सलग सोळा. हजेरीची अटही वेगळी. इतर अभ्यासक्रमाला ऐंशी टक्के चालतात, आंतरवासितेला नव्वद लागतात. सोळा आठवडे, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे सुट्ट्या न धरता शहाण्णव दिवस. त्यात नव्वद टक्क्यांचा हिशोब केला की छात्राध्यापिकेच्या हातात सगळे मिळून नऊ दिवस उरतात. लेकरू असलेल्या बाईला नऊ दिवस किती पुरतात, हे ज्याला कळतं त्याला शाळा वाटप किती नाजूक काम आहे तेही कळेल.

आम्ही ते काम एसटीच्या वेळापत्रकावर करत होतो. प्रत्येकीने जवळच्या तीन शाळांची नावं द्यायची, आम्ही मुख्याध्यापकांशी बोलून ठरवायचं. ताईने पहिल्या क्रमांकावर स्वतःच्या सासरच्या गावचं हायस्कूल लिहिलं होतं. घरापासून पाच मिनिटं. मुलगा त्याच आवाराशेजारच्या जिल्हा परिषद शाळेत. वाटपाच्या बैठकीत कोणी विचारसुद्धा केला नाही, सरळ टिक झाली. यादी लागली तेव्हा पाटण आणि जावळीकडच्या मुली म्हणाल्या, “ताईंचं नशीब बघा.” ताईही हसली होती. सासऱ्यांनी गावात पेढे वाटले असं मागाहून कळलं. ते त्या हायस्कूलच्या स्थानिक समितीवर आहेत आणि ती इमारत उभी राहताना दगड वाहायला गेलेल्यांपैकी एक आहेत.

आम्ही काय काय केलं

‘आवाज कमी’ यावर आम्ही जे उपाय केले ते सगळे लिहिते, कारण प्रकरण अभ्यासात फसलेले उपाय जास्त उपयोगाचे असतात.

पहिला उपाय प्रत्येकजण करतो तोच, म्हणजे सांगणं. “मागच्या बाकापर्यंत आवाज पोचला पाहिजे.” “पोटातून बोल.” ती मान हलवायची, वहीत लिहून घ्यायची. दुसऱ्या उपायात मी तिला सकाळी दीर्घ श्वास आणि मोठ्याने वाचनाचा सराव दिला. तो तिने केला, पण मागच्या खोलीत दार लावून. तिसऱ्यांदा मला वाटलं, घशाचा काही त्रास असेल. शिक्षकांमध्ये तो असतोच. साताऱ्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवलं, त्यांनी घसा निर्मळ असल्याचं सांगितलं. रक्तही तपासून घेतलं, हिमोग्लोबिन ठीक होतं.

चौथा उपाय लिहायला मला जड जातं. आम्ही तिला कॉलेजात बोलावून आठवीच्या ‘समांतर रेषा व छेदिका’ या प्रकरणावरचा तोच पाठ आम्हा चार प्राध्यापिकांसमोर पुन्हा घ्यायला लावला. वर्गातल्या मुली विद्यार्थी झाल्या. आणि ताईने पाठ असा घेतला की खाली व्हरांड्यात उभ्या शिपाईमामांनाही संगत कोन आणि व्युत्क्रम कोन कळले असतील. आवाज खणखणीत, मुलींमधून फिरत, नावं घेऊन प्रश्न. उत्तर आमच्यासमोर मांडलेलं होतं. यावरून आम्ही निष्कर्ष काय काढला? “हिला जमतं. ही तिकडे मनावर घेत नाही.” एकीने तिला तसं तोंडावर सांगितलं. मी गप्प राहिले, म्हणजे मीही तेच म्हणाले. घराजवळची शाळा मिळाली म्हणून सैल पडली असेल, एवढा हलका विचार माझ्याही मनात येऊन गेला. ताई त्यावर एक शब्द बोलली नाही, तक्त्याची गुंडाळी केली आणि दोन वाजताची गाडी धरली.

हजेरी

सहाव्या आठवड्यात मी त्या गावी पाठ पाहायला गेले आणि परतीची एसटी चुकली. पुढची गाडी चारनंतर. एरवी आम्ही एक पाठ पाहतो, सही करतो, पुढच्या शाळेला जातो. एका दिवसात तीन शाळा होतात. त्या दिवशी नाइलाजाने मी अख्खा दिवस मागच्या बाकावर बसले. आज वाटतं, निरीक्षण म्हणून मी त्या सोळा आठवड्यांत केलेलं खरं काम तेवढंच.

आठवीच्या वर्गाचा पहिला तास ताईकडे होता, म्हणून हजेरीही तिची. शाळेतले बाकी शिक्षक नावं घेऊन हजेरी घेतात. ताई नंबर पुकारत होती. “एक.” “हजर.” “दोन.” “हजर.” मला वाटलं, वेळ वाचवते. मग पाठ सुरू झाला. फळ्याकडे तोंड, डावा हात पदरावर. गावात ती डोक्यावरून पदर घेते, वर्गात तो खांद्यावर असतो, पण घसरेल म्हणून हात तिथेच. उजव्या हातात खडू. दोन्ही हात अडकलेली बाई वर्गात फिरणार कशी? वर्गाला उजवीकडे तीन खिडक्या. खिडकीतून मैदान, मैदानापलीकडे वडाचा पार आणि पारावर सकाळपासून बसलेली पाच-सहा माणसं. ती फळ्याकडे वळली की खिडकी तिच्या पाठीशी जायची.

मुलं तिला ‘मॅडम’ म्हणत होती, पण मधूनच एखादा विसरून “काकी, हे परत सांगा” म्हणायचा आणि बाकीचे खुसखुसायचे. वर्गात तिच्या चुलत दिराचा मुलगा होता, भावकीतले आणखी चौघं. तिसऱ्या बाकावर खिडकीकडेला एक उंच, हुशार मुलगा बसला होता. प्रत्येक प्रश्नाला त्याचा हात वर. पस्तीस मिनिटांत तिने त्याला एकदाही उठवलं नाही. ‘प्रश्न ठरावीक मुलांनाच’ हा शेरा आठवला. मधल्या सुट्टीत मी त्या मुलाला जवळ बोलावून नाव विचारलं. त्याने सांगितलं. नाव जुन्या वळणाचं होतं, आजच्या मुलांत क्वचित ऐकू येणारं. ते मी याआधी कुठे ऐकलं होतं, हे आठवायला मला दुपार लागली. प्रवेशाच्या वेळी फीच्या पावतीवर, पैसे भरणाऱ्याच्या रकान्यात.

चार वाजता ताई मला स्टॉपपर्यंत सोडायला आली. पारासमोरून जाताना तिने पदर डोक्यावर घेतला आणि दोन पावलं मागे राहिली. पारावरून तिच्या सासऱ्यांनी मला नमस्कार केला, “पाठ झाला का मॅडम, बरा झाला का?” मी हो म्हटलं. विहीर ओलांडून गाव मागे पडलं तशी ती माझ्या बरोबरीने चालू लागली. मी थेट विचारलं.

“तिसऱ्या बाकावरचा तो मुलगा. त्याला का विचारत नाहीस?”

ती थोडा वेळ रस्त्याकडे बघत राहिली. “मॅडम, त्याचं नाव आमच्या आण्णांचं आहे.”

“मग?”

“मग काय... घेत नाही आम्ही.”

“कोणी सांगितलंय घेऊ नको म्हणून?”

“कुणी नाही. आण्णांना तर ठाऊकपण नसंल. जीभच वळत नाही. आणि त्याचं एकट्याचं कसं टाळायचं, म्हणून सगळ्यांचेच नंबर घेते.”

गाडी येईपर्यंत ती बोलत राहिली. दहा वर्षांत त्या गावात तिचा आवाज घराच्या मागच्या दाराबाहेर कधी गेला नव्हता. भांडण झालं नाही, हाक मारायची वेळ आली नाही, कोणाला लांबून बोलवायचं तर मुलाला पाठवायचं. आणि आता अचानक रोज अकरा वाजता, पारापासून दगडाच्या टप्प्यावर, चाळीस जणांसमोर मोठ्याने बोलायचं. “पहिल्या दिवशी मी जोरात ‘बसा’ म्हटलं मॅडम, आणि माझंच मला दचकल्यागत झालं.”

मी या लिखाणाच्या पहिल्या खर्ड्यात इथे लिहिलं होतं, ‘सासऱ्यांच्या भीतीने तिचा आवाज दबला होता’. ताईने ते वाक्य खोडलं. तिने लिहिलं आहे: “भीती नव्हती, मान होता. भीती असती तर कधीच ओलांडली असती.” मी ते तसंच ठेवते.

जे आम्हाला दिसलं नव्हतं

सावित्रीबाईंचं नायगाव आमच्याच जिल्ह्यात, खंडाळा तालुक्यात. फुल्यांचं मूळ गाव कटगुण, तेही इथलंच, खटाव तालुक्यातलं. दर ३ जानेवारीला आम्ही कॉलेजात १८४८ ची भिडे वाड्यातली शाळा सांगतो, अंगावर आलेलं शेण सांगतो, आणि १८४९ मध्ये गोविंदरावांनी लोकांच्या दडपणाखाली मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढलं तेही सांगतो. मुलींना ते पाठ आहे. विरोध करणाऱ्या सासऱ्यासमोर कसं उभं राहायचं, याचा वारसा आमच्याकडे आहे. फी भरणारा, पेढे वाटणारा, पारावर बसून सुनेच्या पाठाची अभिमानाने चौकशी करणारा सासरा समोर असेल, तर आवाज कुठून काढायचा? त्याच्याशी लढता येत नाही, कारण तो लढतच नाही. ताईसारख्या मुलींचा प्रश्न आज बहुतेक हा आहे आणि आम्ही तो शिकवत नाही.

निरीक्षणाचं पान असं धरून चालतं की आवाज हा घशाचा गुण आहे, बाईबरोबर शाळेशाळेत जाणारा, छत्रीसारखा. ताईच्या बाबतीत आवाज जागेचा होता. कॉलेजात होता, विहिरीपलीकडच्या रस्त्यावर होता, वडाच्या पारासमोर नव्हता. आणि पदर, फळ्याकडे वळणं, नंबरांची हजेरी, तिसरा बाक हे वेगवेगळे चार दोष आम्ही चार रकान्यांत भरत होतो. ते एकच होतं.

काय करायचं

सोमवारी बैठकीत मी हे मांडलं तेव्हा दोन बाजू पडल्या आणि दोन्हींत तथ्य होतं. आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांचं म्हणणं असं की शाळा बदलून देणं म्हणजे पळवाट. प्रशिक्षण असतं ते याचसाठी. गावात राहणाऱ्या बाईला गावातच आवाज कमवावा लागेल, आज नाही तर उद्या. माझं म्हणणं होतं की उद्या तिने टीईटी, टेट या शिक्षकांच्या परीक्षा दिल्या आणि पवित्र पोर्टलवरून, म्हणजे शासनाच्या शिक्षक भरतीतून, नोकरी लागली, तर तिला सासरचं गाव मिळण्याची शक्यता नगण्य. आपण तिला शिक्षिका म्हणून तयार करतो आहोत. त्याच्या आधी तिला एक अख्खी लढाई जिंकायला लावणं हे अभ्यासक्रमात कुठे लिहिलं आहे? चर्चा तासभर चालली. मग प्राचार्यांनी विचारलं, “तिला विचारलंत का?” कोणीच विचारलं नव्हतं.

विचारल्यावर ताईने फार वेळ घेतला नाही. “मला पाठ नीट घ्यायचाय मॅडम. गाव कुठं पळून जातंय?”

बदलीची अडचण दिसते त्याहून मोठी होती. दोन मुख्याध्यापकांची संमती, वेळापत्रक, मार्गदर्शक शिक्षक, घटक नियोजन नव्याने. नऊपैकी सहा दिवस तिने आधीच खर्च केले होते. पाच मुलाच्या डेंगीत, एक भावकीतल्या मयतीत. हातात तीन. नवी शाळा दोन गाड्या बदलून. पैशाचा प्रश्न एवढा नव्हता, १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. प्रश्न वेळेचा होता. सकाळी साडेआठला निघायचं तर मुलाचं आवरणार कोण?

आणि आण्णांना सांगायचं काय? खरं कारण सांगणं म्हणजे त्यांचंच नाव मध्ये आणणं. मी घरी येऊन बोलते म्हटलं तर ताईने हात जोडले. शेवटी कॉलेजने पत्र दिलं की छात्राध्यापिकेला दुसऱ्या शाळेचाही अनुभव आवश्यक आहे. वाक्य खोटं नव्हतं. पण पूर्ण खरंही नव्हतं आणि मला ते अजून टोचतं. म्हाताऱ्यांना लागायचं ते लागलंच. “आमच्या शाळेत काय कमी हाय?” असं ते दोन दिवस म्हणत राहिले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “पोराचं मी बघतो सकाळचं.” तिसरीतल्या नातवाला आंघोळ घालून, डबा भरून शाळेत सोडायचं काम त्यांनी आठ आठवडे केलं. सासूबाई गुडघ्यांनी हैराण, त्यांना झेपलं नसतं. डब्यात रोज गूळ-शेंगदाणे आणि चपातीचा लाडू असायचा, असं मुलानेच मला सांगितलं.

आल्याची गाडी

दुसऱ्या शाळेत पहिला आठवडा बरा गेला नाही, हे नमूद करायला हवं. जागा बदलली की आवाज आपोआप परत आला, असं घडलं नाही. हात पदरावर राहिला, फळ्याकडे वळण्याची सवय राहिली. हजेरी मात्र पहिल्याच दिवसापासून नावांनी.

दुसऱ्या आठवड्यात मी नववीचा ‘गुणोत्तर व प्रमाण’चा पाठ पाहिला. तिने पुस्तकातली उदाहरणं बाजूला ठेवली होती. आमच्या भागात आल्याचा दर ‘गाडी’वर ठरतो आणि गाडी म्हणजे पाचशे किलो, हे मुलांना चालायला लागल्यापासून माहीत. तिने फळ्यावर लिहिलं: गाडीला तीस हजार, तर किलोला किती? साठ, असा एका सुरात आवाज आला. मग दोन शेतकऱ्यांनी एकच ट्रक केला, एकाच्या आठ गाड्या, दुसऱ्याच्या बारा, भाडं दहा हजार, तर कोणी किती द्यायचं? मुलं अर्धं-अर्धं म्हणाली, मग भांडू लागली. एकाने उठून विचारलं, “मॅडम, धुतलेलं आलं का बिनधुतलं? मातीचं वजन कुणाच्यात धरायचं?” वर्ग हसला. ताई हसली, आणि तो गोंधळ ओलांडून तिचा आवाज आला, कॉलेजातला, दार लावायला लावणारा: “माती दोघांचीपण काढून टाकली! आता सांग, आठास बारा म्हणजे किती?” दोनास तीन. चार हजार आणि सहा हजार. तिचा डावा हात तेव्हा मुलांकडे बोट दाखवत हवेत होता. पदर कधीच खोचलेला होता.

मी त्या दिवशी आवाजाच्या रकान्यात काही लिहिलं नाही. खाली रिकाम्या जागेत तो पाठ होता तसा लिहून ठेवला.

सोळा आठवडे पूर्ण झाले तेव्हा तिच्या खात्यात एक दिवस शिल्लक होता. तो तिने वापरला नाही. उलट शेवटच्या शनिवारी, नवीन शाळेची सकाळची शाळा सुटल्यावर, जुन्या शाळेतल्या आठवीच्या मुलांना चौकोनाच्या रचनांचा जादा तास द्यायला गेली. मला बोलावलं नव्हतं, मी गेले नाही. त्याबद्दल तिने जेवढं सांगितलं तेवढंच लिहिते. हजेरी घ्यायची नव्हती. तिसऱ्या बाकावरच्या मुलाला तिने हात करून “तू, खिडकीकडचा, ये फळ्यावर” म्हटलं. नाव घेतलं नाही. तो आला, रचना बरोबर काढली. खिडक्या उघड्या होत्या. पारावर आण्णा होते की नाही, ते तिने पाहिलं नाही.

कॉलेजात दोन गोष्टी बदलल्या. आंतरवासितेच्या फाइलीत आता पहिल्या वर्षाच्या सूक्ष्म पाठांची पानं पुढे लावलेली असतात. आणि शाळा निवडीच्या फॉर्मवर अंतराच्या रकान्याखाली एक ओळ वाढली आहे: ‘या गावाशी तुमचं नातं काय, आणि तिथे शिकवताना अडचण वाटेल का?’ आम्हाला वाटलं होतं, सासरच्या गावांबद्दलच उत्तरं येतील. काहींची तशी आलीही. एका अविवाहित मुलीने लिहिलं की वडील जिथे रिक्षा चालवतात त्या रस्त्यावरची शाळा नको. एकीने सासरच्याच गावची शाळा मागितली आणि पुढे लिहिलं, ‘अडचण नाही, सासूबाई तिथेच शिक्षिका होत्या.’ आणि महाबळेश्वरकडच्या एका लग्न झालेल्या मुलीने जवळच्या तिन्ही शाळा सोडून चौथी, लांबची, माहेरच्या गावची लिहिली होती. कारणाच्या ओळीत तिने एवढंच म्हटलं होतं, ‘तिथे मला सगळे नावाने हाक मारतात.’